संडे स्कूलच्या (चर्चमधील मुलांच्या रविवारच्या धर्मवर्गाच्या) गीतांना चाली देणारे ब्रॅडबरी कोण होते, आणि त्यांच्या चाली लहान मुलांना इतक्या लवकर कशा येतात?

आमच्या ख्रिस्ती मंडळीत मी पेटीवर मुलांना गीते शिकवतो, त्यामुळे आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग मला रोज अनुभवास येणारा आहे. पहिल्या भागाचे उत्तर थोडक्यात देतो. विल्यम बॅचेल्डर ब्रॅडबरी यांचा जन्म १८१६ साली अमेरिकेतील मेन राज्यात यॉर्क या गावी झाला. बोस्टनला संगीतशिक्षक लोवेल मेसन यांच्याकडे शिकून ते न्यूयॉर्कला ऑर्गनवादक झाले, तिथे त्यांनी मुलांसाठी गायनाचे मोफत वर्ग चालवले आणि १८४७ साली पुढील शिक्षणासाठी ते युरोपात, लाइपझिगला गेले. परतल्यावर त्यांनी भावाबरोबर पियानो तयार करण्याचा व्यवसायही केला. तथापि त्यांचे नाव राहिले ते १८६१ नंतर काढलेल्या संडे स्कूलच्या गीतसंग्रहांमुळे.

आता चालींविषयी. ‘जीझस लव्ह्ज मी’ हे गीत घ्या. त्याचे शब्द अ‍ॅना वॉर्नर यांचे असून, १८६० साली त्यांनी बहिणीबरोबर लिहिलेल्या एका कादंबरीत मरणासन्न मुलाला धीर देण्यासाठी ते येतात. ब्रॅडबरी यांनी १८६२ साली त्यांना चाल लावली. ती चाल सुरुवातीला ‘प ग ग रे ग प प, ध ध सां ध ध प प’ अशी जाते आणि शेवटपर्यंत सा, रे, ग, प, ध या पाच स्वरांतच राहते. मध्यम आणि निषाद तीत कुठेही येत नाहीत. भूप रागाचे स्वर हेच, पण रागाचे चलन तीत नसल्यामुळे मी तिला भूप म्हणणार नाही. मात्र अर्ध्या स्वराचे अंतर नसल्याने कोवळ्या गळ्याला सूर चुकण्याची भीती कमी असते, आणि सगळी चाल एका सप्तकात मावत असल्याने कोणाला किंचाळावे लागत नाही.

त्याहून महत्त्वाचे मला वाटते ते ध्रुवपद. वॉर्नर यांच्या मूळ कवितेत ते नव्हतेच. येशू माझ्यावर प्रीती करतो आणि पवित्र शास्त्र मला तसे सांगते, हे पुन्हा पुन्हा म्हणणारे ध्रुवपद ब्रॅडबरी यांनी स्वतः जोडले. ‘ही लीडेथ मी’ या गीतातही त्यांनी हेच केले. धर्मोपदेशक जोसेफ गिलमोर यांनी फिलाडेल्फियात १८६२ साली बायबलमधील तेविसाव्या स्तोत्रावर बोलल्यानंतर ते शब्द लिहिले होते. पत्नीने ते एका नियतकालिकाकडे पाठवले, ब्रॅडबरी यांनी तिथे ते वाचले आणि चाल देताना ध्रुवपदात दोन ओळींची भर घातली. ज्या मुलाला अजून वाचता येत नाही, ते कडव्यांच्या वेळी गप्प बसते आणि ध्रुवपद आले की सर्वांत मोठ्याने गाते, हे मी दर रविवारी पाहतो. वर्गात वर्षानुवर्षे मुलांसमोर उभ्या राहिलेल्या शिक्षकालाच हे इतके नेमके कळू शकते, म्हणून त्यांना मी आधी शिक्षक आणि मग संगीतकार मानतो.

आपल्याकडे हे काम नारायण वामन टिळकांनी ओवी, अभंग आणि भजनाच्या वाटेने केले. त्यांच्या भजनात मंडळी जशी ध्रुवपदाला आपोआप आवाज मिसळते, तशीच ब्रॅडबरी यांच्या गीतांतही. म्हणून दोन्ही प्रकार एकाच उपासनेत गाताना मला कधी विसंगत वाटले नाहीत.

ब्रॅडबरी ७ जानेवारी १८६८ रोजी, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, न्यू जर्सीतील माँटक्लेअर येथे फुप्फुसाच्या विकाराने वारले. अखेरच्या चार वर्षांत त्यांनी फॅनी क्रॉस्बी या अंध कवयित्रीला गीतलेखनाकडे वळवले होते. १८६४ साली क्रॉस्बी यांनी त्यांच्यासाठी लिहिलेले पहिले गीतच त्यांच्या अंत्यविधीच्या वेळी गायले गेले.