बायकोच्या मागून जर्मनीला जाऊ का?

‘ताई, मी 29 वर्षांचा, करवीर तालुक्यातला. आयटीआय करून शिरोली एमआयडीसीत सीएनसी मशीनवर आहे. माझी मैत्रीण नर्स आहे, गेल्या वर्षी जर्मनीला गेली. आम्हाला लग्न करायचंय. ती म्हणते, तू इकडं ये. वडील म्हणतात, बायकोच्या जिवावर जगायला निघालास व्हय? दोन एकर ऊस कोण बघणार? मी एकुलता एक. तिलाच परत बोलवू का?’

भावा, तिला परत बोलवू नकोस. तिथं नर्स म्हणून मान्यता मिळवायला बहुतेक ठिकाणी बी2 पातळीचं, म्हणजे कामावर नीट बोलता येईल इतकं जर्मन लागतं. इथल्या ड्युट्या सांभाळून पोरगी ते शिकली. हे सगळं तुझ्यासाठी सोडून आली, तर पुढं प्रत्येक भांडणात ती गोष्ट वर येईल, आणि चूक तिची नसेल.

वडिलांची उसाची काळजी खरी आहे. रान वाट्यानं लावायचं का, कारखान्याचं बिल कुणाच्या खात्यावर जमा होणार, रात्री-अपरात्री दवाखान्यात कोण नेणार, याची उत्तरं घेऊनच त्यांच्यासमोर बस. ‘बायकोच्या जिवावर’ हे मात्र मनाला लावून घेऊ नकोस. आपल्या किती लेकी नवऱ्याच्या व्हिसावर अमेरिकेला गेल्या! तिथं या जोडीदाराच्या, म्हणजे एच-4 व्हिसावर 2015 पर्यंत नोकरीच करता येत नव्हती, आजही सगळ्यांना येत नाही. शिकलेल्या पोरी वर्षानुवर्षं घरात बसल्या. त्यांना कुणी असं बोललं का? उलट नशीब काढलं म्हणून पेढे वाटले.

आणि तू काही पहिला नाहीस. 1960 च्या दशकापासून केरळच्या नर्सेस पश्चिम जर्मनीत गेल्या. त्यांच्यातल्या कितीतरी जणींनी गावाकडं येऊन लग्न केलं आणि नवरे मागून गेले. त्या पुरुषांना सुरुवातीची काही वर्षं कामाची परवानगी नव्हती. बायको ड्युटीवर आणि नवरा घरी पोरं सांभाळतोय, असे संसार त्यांनी केले. अवघड गेलं असणारच. पण घरं उभी राहिली, मुलं शिकली.

तुझं त्यांच्यापेक्षा सोपं आहे. आता जोडीदाराच्या व्हिसावर गेलेल्याला तिथं नोकरी करता येते. नर्सेससारख्या कुशल कामगारांच्या जोडीदारांना बऱ्याचदा जर्मनच्या परीक्षेतूनही सूट मिळते. ती सूट मिळाली तरी तू घेऊ नकोस, एवढं माझं ऐक. भाषेशिवाय गेलास तर भाजी आणण्यापासून डॉक्टरपर्यंत प्रत्येक गोष्टीला तिचं तोंड बघावं लागेल आणि वडिलांचं ते वाक्य रोज आठवेल. आजपासून शिकायला लाग. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात परीक्षा देता येते. न्युर्नबर्गचं ‘आयएचके फोसा’ हे कार्यालय परदेशातलं धंदेशिक्षण तपासून मान्यता देतं. आयटीआयची मार्कलिस्ट आणि कंपनीचे अनुभवाचे दाखले आत्ताच गोळा कर. मशीनवरचा हात तुझा स्वतःचा आहे, तो घेऊन जा.

लग्न रजिस्टर करा, हॉलमधल्या फोटोंवर व्हिसा मिळत नाही. विशेष विवाह कायद्यानं करणार असाल तर नोटीस दिल्यावर 30 दिवस थांबावं लागतं आणि ती नोटीस 3 महिनेच चालते. तिची रजा आधी पक्की करा, मग तारखा धरा. आणि तांदळात नवीन नाव लिहायचा आग्रह घरचे धरतील, तेव्हा तू मध्ये पड. तिचं सर्टिफिकेट, पासपोर्ट, तिथली मान्यता सगळं माहेरच्या नावावर आहे. नाव बदललं तर प्रत्येक कागद पुन्हा हलवावा लागेल. कायद्यानं ते बदलायची सक्ती नाही.

एक गोष्ट गोड नाही, तरी सांगते. जर्मनीत साधारण 3 वर्षं एकत्र संसार होईपर्यंत तुझं तिथं राहणं या लग्नावर अवलंबून असतं. परदेशात दिलेल्या आपल्या मुली हेच ओझं घेऊन जातात, म्हणून सासरच्यांना घाबरून असतात. तुला ती भीती वाटली तर तिच्याजवळ बोल, लपवू नकोस.

आणि पत्रात मला एक गोष्ट सापडली नाही. तिकडंच कायम राहायचं की काही वर्षांनी परतायचं, हे तुम्ही दोघं बोललाय का? तुझ्या आई-वडिलांचं म्हातारपण, तिच्या आई-वडिलांचं म्हातारपण, घरी पाठवायचे पैसे कुणाच्या पगारातून? येत्या रविवारी तिला सुट्टी असेल तर हेच विचार. वडिलांशी त्यानंतर बोल, आणि आईला शेजारी बसवून बोल.

– ताई