यकृतातील गाठ पसरण्याचा धोका कशावरून ठरतो?

प्रश्न : माझे वडील यंत्रमाग कारखान्यात काम करीत असत. वय 61. गेल्या वर्षी त्यांच्या रक्तात हिपॅटायटिस बी आढळला आणि आता सोनोग्राफीत यकृतामध्ये चार सेंटिमीटरची गाठ दिसली आहे. सीटी स्कॅन व्हायचा आहे. ही गाठ पसरण्याची शक्यता कशावरून ठरते? आम्ही सारे एकत्र जेवतो, त्यामुळे मुलांना धोका आहे का? शेंगांत विष असते असे ऐकल्यामुळे घरातली चटणीही बंद केली आहे. – एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपण गाठीचा आकार कळवला आहे, पण ती यकृताच्या कर्करोगाची असेल, तर आकाराइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्व ती गाठ यकृतातील रक्तवाहिन्यांत शिरली आहे की नाही याला असते. पोर्टल व्हेन ही आतड्यांकडून यकृतात रक्त आणणारी मोठी नीला आहे. गाठ तिच्या शाखांत शिरली, तर कर्कपेशी यकृताच्या इतर भागांत पोहोचतात, आणि यकृतातून बाहेर पडणाऱ्या नीलांवाटे त्या फुप्फुसांपर्यंत, पुढे हाडांपर्यंतही जाऊ शकतात. म्हणून सीटीचा अहवाल हाती आल्यावर पोर्टल व्हेनबद्दल काय लिहिले आहे, हे डॉक्टरांना आवर्जून विचारावे. गाठींची संख्या आणि रक्तातील अल्फा फीटोप्रोटीनची (या कर्करोगात बहुधा वाढणाऱ्या एका प्रथिनाची) पातळी यांवरूनही अंदाज बांधला जातो. यकृत प्रत्यारोपणासाठी 1996 पासून वापरात असलेल्या मिलान निकषांत पाच सेंटिमीटरपर्यंतची एकच गाठ किंवा प्रत्येकी तीन सेंटिमीटरपर्यंतच्या जास्तीत जास्त तीन गाठी बसतात, मात्र रक्तवाहिनीत शिरकाव नसावा लागतो. त्यामुळे केवळ ‘चार सेंटिमीटर’ ऐकून धीर सोडण्याचे कारण नाही.

सीटी तीन टप्प्यांचा, म्हणजे ट्रायफेसिक, करायला सांगितला असेल तर तो तसाच करावा, साध्या स्कॅनवर भागवू नये. या गाठीला रक्त मुख्यतः धमनीतून मिळत असल्याने औषध टोचल्यावर ती आधी उजळते आणि नंतर भोवतीच्या यकृतापेक्षा फिकी पडते. सिरॉसिस (यकृत व्रणांनी कडक होणे) असलेल्या किंवा हिपॅटायटिस बी जुनाट झालेल्या रुग्णात हे चित्र स्पष्ट असेल, तर सुईने तुकडा काढण्याची गरज बहुधा पडत नाही. विषाणू जोमात असेल तर उपचारांनंतरही गाठ पुन्हा उद्भवण्याचा धोका वाढतो, म्हणून टेनोफोव्हिर किंवा एन्टेकाव्हिरसारखी विषाणू दाबणारी गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करू नये. दारू मात्र पूर्ण बंद. ‘थोडी चालते’ हा सल्ला कोणी दिला तरी ऐकू नये.

कर्करोग संसर्गाने होत नाही. हिपॅटायटिस बी चा विषाणू मात्र रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला जातो. एका ताटात जेवल्याने जात नाही. वडिलांचे दाढीचे ब्लेड, दात घासण्याचा ब्रश आणि नेलकटर वेगळे ठेवावेत. आपली आई, आपण, भावंडे आणि वडिलांची सख्खी भावंडे अशा सर्वांनी रक्ततपासणी करून घ्यावी. 2018 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात ही तपासणी व उपचार मोफत आहेत. सिव्हिलमध्ये चौकशी करावी. ज्यांना संसर्ग नाही आणि प्रतिकारशक्तीही नाही, त्यांनी लशीचे तीन डोस घ्यावेत. मुलांचे लसीकरणाचे कार्ड तेवढे पाहून घ्यावे.

आता चटणी. सोलापूरच्या माणसाला शेंगा चटणी सोडायला सांगणे अवघडच, आणि तशी गरजही नाही. धोका शेंगदाण्यात नसून त्यावर वाढणाऱ्या बुरशीच्या अफ्लाटॉक्सिन या विषात आहे, आणि हिपॅटायटिस बी असलेल्या माणसाच्या यकृताला ते अधिक घातक ठरते. भाजल्याने ते पूर्ण नाहीसे होत नाही. सुरकुतलेले, काळपट-हिरवट पडलेले, कुबट वासाचे दाणे कुटण्याआधीच निवडून टाकावेत, कारण एकदा लसूण-तिखटात कुटल्यावर काहीच ओळखू येत नाही. दाणे कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. वडिलांच्या पोटात पाणी झाले असेल तर मात्र चटणीतल्या मिठाबद्दल डॉक्टरांना विचारावे.

तपासणीत कुटुंबातील कोणाला संसर्ग आढळला, तर त्याने प्रकृती ठणठणीत असली तरी यकृततज्ज्ञांना दाखवावे. हिपॅटायटिस बी मध्ये सिरॉसिस नसतानाही कर्करोग होऊ शकतो, आणि घरात हा आजार झालेला असल्याने अशा व्यक्तीला दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करण्याचा सल्ला मिळण्याची शक्यता आहे.