कार्ड आधी परत करा

पत्र (थोडक्यात): माझा मुलगा एस. वाय. बी. ए.ला आहे, विषय इतिहास. बारावी सायन्सला ८१ टक्के होते, तरी हट्टाने आर्ट्‌सला गेला. परीक्षा संपल्यापासून रोज एकच चाललंय. साडेआठला उठतो, चहा घेऊन गॅलरीत पुस्तक. जेवण झालं की पंख्याखाली फरशीवर आडवा, पुन्हा पुस्तक. ऊन उतरलं की वारज्याहून बसने अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांकडे, नाहीतर लायब्ररी. येताना रद्दीतली फाटकी पुस्तकं आणतो आणि ती चिकटवत, शिवत बसतो. वहीत काहीतरी लिहितो, दाखवत नाही. रात्री दोनपर्यंत दिवा चालू. माझ्या दिरांचा मुलगा त्याच्याच वयाचा, हिंजवडीत इंटर्नशिप करतोय. मुलगी असती तर मी एवढी काळजी केली नसती. शेवटी मी त्याचं लायब्ररीचं कार्ड काढून घेतलं आणि एका यूपीएससीच्या क्लासला नाव घातलं, फीचा पहिला हप्ताही भरला. नाहीतरी वाचतोच, मग उपयोगाचं तरी वाचेल. आता आठ दिवस झाले, तो धड बोलत नाही. त्याला तुमच्याकडे समुपदेशनाला कधी घेऊन येऊ?

उत्तर:

ताई, नमस्कार.

तुमच्या मुलाच्या करिअरबद्दल मी खाली लिहीनच, पण पत्र वाचून मला काळजी वाटली ती त्या कार्डाची. वीस वर्षांचा, मतदार यादीत नाव असलेला मुलगा. त्याच्या खिशातून लायब्ररीचं कार्ड काढून घ्यायचं म्हणजे काय, याचा शांतपणे विचार करा. मार्क घसरले होते का? नाही, तसं तुम्ही कुठेच म्हटलेलं नाही. पैसे उडवत होता? उधारी, व्यसन, वाईट संगत? यातलंही काही नाही. मग शिक्षा कसली दिली?

त्या कार्डाबरोबर तुम्ही त्याचं घराबाहेर पडणंही बंद केलंत. मे महिन्यातल्या पुण्यात दुपारी चारपर्यंत कोणी शहाणा माणूस बाहेर पडत नाही. ऊन उतरल्यावर हा मुलगा बस पकडून पेठेत जायचा, पुस्तक बदलायचा, काउंटरवरच्या माणसाशी दोन शब्द बोलायचा, फुटपाथवर घासाघीस करून जुनं पुस्तक घ्यायचा. वाचणाऱ्या पोरांना माणसांत मिसळायची एवढीच वाट असते. तुम्ही ती बंद केलीत, आणि तो बोलत नाही अशी तक्रारही तुमचीच. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ सालचं आहे. तेव्हापासून या शहरात पोरं उन्हाळ्यात पुस्तकं बदलायला जातायत आणि त्यांच्या आया ओरडतायत. तरी बहुतेकांचं बरं झालं.

दुसरी गोष्ट. पत्रात तो किती वाजता उठतो, कुठे लोळतो, कुठल्या रस्त्याने जातो, दिवा किती वाजता मालवतो, सगळं आहे. एका पुस्तकाचं नाव मात्र नाही. दिवसाचे आठ-दहा तास मुलगा काय वाचतो हे तुम्हाला माहीत नाही, किंवा माहीत आहे पण सांगण्याजोगं वाटलं नाही. मला तर तेच हवं होतं. तो कादंबऱ्या वाचतो, की बखरी, की प्रवासवर्णनं, की जगाच्या महायुद्धांवरचे जाडजूड ग्रंथ, यावरून मला तो थोडा तरी कळला असता. उठण्याच्या वेळेवरून काहीच कळत नाही. सुट्टीत साडेआठला उठणं हा गुन्हा नाही. रात्री दोनचं मात्र मला पटत नाही, तिथे मी तुमच्या बाजूने आहे. पण ते झोपेचं दुखणं आहे, त्यावर क्लास हा उपाय नव्हे.

आणि ते वाक्य, ‘मुलगी असती तर मी एवढी काळजी केली नसती.’ माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या पालकांच्या मनात हे असतं, तुम्ही लिहिलंत एवढंच. मुलीने वाचत बसलं तरी चालेल, कारण तिला कमवायचं नाही. मुलाने बसू नये, कारण त्याला कमवायचंच आहे. यात मुलीचाही अपमान आहे आणि मुलाचाही. त्याच्यासमोर हे बोलला असाल तर त्याच्या अबोल्याचं कारण मला विचारू नका. दिरांच्या मुलाबद्दल एवढंच की तो चांगलं करतोय, त्याचं कौतुक करा, पण तुमच्या मुलाच्या ताटासमोर बसून करू नका.

आता क्लासबद्दल, कारण इथे एक गैरसमज आहे आणि पुण्यात तो घरोघरी आढळतो: मुलाला वाचायची आवड आहे, म्हणजे तो स्पर्धा परीक्षेसाठीच जन्मला. ताई, तसं नसतं. यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेत सामान्य अध्ययनाचे १०० प्रश्न दोन तासांत सोडवायचे असतात, चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात. वर सीसॅटचा, म्हणजे आकलन, गणित आणि तर्काचा पेपर, त्यात ३३ टक्के मिळाले नाहीत तर पहिल्या पेपरातले गुण कोणी बघतही नाही. मग १७५० गुणांची मुख्य परीक्षा, २७५ गुणांची मुलाखत. जागा साधारण हजाराच्या आसपास, अर्ज लाखोंनी. खुल्या गटाला ३२ वर्षांपर्यंत सहा संधी. एमपीएससीच्या राज्यसेवेची मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाली आहे. हे सगळं पार करायला मोजकी पुस्तकं घ्यायची, ती पुन्हा पुन्हा वाचायची, नोट्‌स काढायच्या, त्या नोट्‌सच्या आणखी छोट्या नोट्‌स काढायच्या, आणि अभ्यासक्रमात नसलेलं काहीही समोर आलं तर निर्धाराने बाजूला ठेवायचं. तुमचा मुलगा नेमका उलटा आहे. त्याला एका पुस्तकाच्या तळटीपेतून दुसरं पुस्तक सापडतं आणि तो तिकडे निघून जातो. मी चांगले वाचक या परीक्षांत रखडलेले बघितले आहेत, आणि शाळेनंतर एकही कथा-कादंबरी न वाचलेले अधिकारी झालेलेही बघितले आहेत. वाचणारा मुलगा ही परीक्षा काढू शकतो, का नाही? पण त्यासाठी त्याला दोन-तीन वर्षं स्वतःच्या वाचनाला लगाम घालावा लागतो, आणि तो लगाम त्याने स्वतः घालायचा असतो. नवी पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये सत्ताविसाव्या, अठ्ठाविसाव्या वर्षी ‘घरच्यांची इच्छा होती’ म्हणून बसलेली मुलं आहेत. त्यांच्या रांगेत आणखी एक खुर्ची कशाला?

तेव्हा फी परत मिळते का ते उद्याच जाऊन विचारा. पावतीच्या मागच्या अटी वाचा, लेखी अर्ज द्या, पोच घ्या. नाही मिळाली तर तो हप्ता गेला असं समजा. पहिला हप्ता गेला म्हणून दुसरा भरणारे पालक मला दरवर्षी भेटतात.

तुमच्या पत्रातली खरी मोलाची ओळ तुम्ही तक्रार म्हणून लिहिली आहे. मुलगा रद्दीतली फाटकी पुस्तकं आणतो आणि ती चिकटवतो, शिवतो. हे सगळे वाचक करत नाहीत. बहुतेकांना मजकुराशी देणंघेणं असतं. बांधणी सुटली तर ते रबर लावतात. याचा हात वस्तूकडे जातोय. त्याला विचारा, कशाने चिकटवतोस? फेव्हिकॉल म्हणाला तर सांगा, जुन्या कागदाला तो लावू नये, कारण एकदा बसला की कागद फाटल्याशिवाय निघत नाही. जुने कागद दुरुस्त करणारी माणसं गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतात, ती पुढे कधी पाणी लावून सोडवता येते. फाटलेल्या जागी पातळ जपानी कागद लावतात. तीनशे वर्षांपूर्वीची हातकागदावरची पोथी पुष्कळदा धडधाकट असते आणि सत्तर वर्षांपूर्वीची छापील कादंबरी पान उलटताना तुटते. लाकडाच्या लगद्याच्या कागदात आम्ल असतं, ते त्याला आतून खातं. म्हणजे तुमच्या लेखी वाया गेलेली त्याची बारावीची केमिस्ट्री इथे कामाला येते. इतिहास वाचणारा आणि कागदाचं रसायन समजून घेऊ शकणारा मुलगा रोज सापडत नाही. आणि हे काम लांब कुठे नाही, तुमच्याच शहरात भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत हस्तलिखितं आहेत, भारत इतिहास संशोधक मंडळात आहेत, पेशव्यांच्या कारभाराचे कागद जपणाऱ्या पेशवे दफ्तरात तर मोडी लिपीतले कागद कोट्यवधी आहेत.

मोडीचं निघालंच आहे म्हणून. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही लिपी आपल्या व्यवहारात होती. आज ती सफाईने वाचणारी माणसं थोडी आहेत. २०२३ मध्ये राज्यभर कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचकांची शोधाशोध झाली. जमिनीच्या जुन्या कागदांसाठी वकिलांना ती माणसं आजही लागतात. पुण्यात मोडीचे वर्ग भरतात. सरावाला चिकाटी लागते, आणि दिवसभर फरशीवर पडून वाचणाऱ्याकडे ती असते.

पण थांबा. हा परिच्छेद वाचून तुम्ही आज संध्याकाळी त्याच्यासमोर मोडीच्या वर्गाचा फॉर्म ठेवाल, अशी मला धास्ती आहे. ठेवू नका. क्लासच्या जागी दुसरा क्लास आला तर त्याच्या दृष्टीने काहीच बदललं नाही. शिवाय या वाटेवरच्या पैशांबद्दल खोटी आशा दाखवणं मला जमणार नाही. जतनाच्या कामात कायम नोकऱ्या कमी, प्रकल्पांवरची कामं जास्त. सार्वजनिक ग्रंथालयांत पगार तुटपुंजे आहेत. कॉलेजात ग्रंथपाल व्हायचं तर ग्रंथालयशास्त्रात एम. लिब. आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. पदं रिकामी आहेत आणि भरती रखडत चालते. प्रकाशकांकडे संपादनाचं, मुद्रितशोधनाचं काम मिळतं, सुरुवातीला फार थोड्या पैशांत. अनुवादात बरे दिवस आहेत, पण त्यासाठी दोन्ही भाषांवर हुकमत लागते आणि मुदत पाळायची सवय लागते. रात्री दोनला झोपणाऱ्यांना ही दुसरी सवय जड जाते.

बाकी ठरलेल्या वाटा त्याला कॉलेजात कळतीलच: एम. ए., सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा देऊन बाहेरचं विद्यापीठ, सीईटी देऊन बी. एड. किंवा तीन वर्षांचं लॉ, एक वर्षाचं बी. लिब. यातलं काहीही आज ठरवायची गरज नाही. टी. वाय.ला अजून सुरुवात व्हायची आहे.

या सुट्टीत त्याच्याकडून अपेक्षा ठेवायचीच असेल तर दोन ठेवा. एक, घरातलं काम. सकाळची भाजी, दुपारची भांडी, आठवड्याचा किराणा, जे तुम्ही ठरवाल ते. वाचणाऱ्या मुलाला पाण्याचा तांब्या हातात देणाऱ्या आया मी खूप बघितल्या आहेत, आणि पुढे तक्रारही त्याच करतात. दुसरी, शाळा-कॉलेजं सुरू होण्याच्या हंगामात पुस्तकांच्या दुकानांना जादा माणसं लागतात. अप्पा बळवंत चौकात त्याची ओळख आहेच. महिनाभर गठ्ठे उचलून, पालकांच्या याद्या लावून बघू दे. पुस्तकं ही विकायची, मोजायची, परत पाठवायची वस्तूही आहे हे त्याला कळेल, आणि पगार हातात पडेल तो त्याचा स्वतःचा असेल. हेही सुचवायचं, लादायचं नाही. नाही म्हणाला तर विषय तिथेच सोडा.

त्या वहीबद्दल. उघडू नका. उघडली असेल तर मला सांगू नका, त्याला सांगा.

हे उत्तर त्याच्याही वाचनात येईल बहुधा, म्हणून दोन ओळी त्याला. मित्रा, आईने कार्ड घेतलं हे चुकलं, पण आठ दिवस न बोलणं हे तुझंही काही बरोबर नाही. तिला भीती वाटतेय आणि ती तुला कळत नाही असं नाही. आणि फक्त वाचत राहशील तर टी. वाय.नंतरचा उन्हाळा यापेक्षा कठीण जाईल. वाचलेलं कुणाला तरी सांगायला, लिहून द्यायला, वापरायला शिकावं लागेल. वहीतलं एखादं पान दाखवण्याजोगं असेल तर आधी कॉलेजातल्या एखाद्या सरांना दाखव, मॅडमना दाखव. घरी नंतर दाखवलंस तरी चालेल.

तुम्ही विचारलंत, त्याला कधी घेऊन येऊ? त्याला आणू नका. आधी तुम्ही दोघं या. सबंध पत्रात मुलाच्या बाबांचा एक शब्द नाही. दिरांचा मुलगा आहे, दीर आहेत, पण बाबा नाहीत. त्यांचं म्हणणं मला ऐकायचं आहे, आणि त्यांचं म्हणणं काहीच नसेल तर ते का नाही हेही. शनिवारी सकाळची वेळ ठेवतो. मुलगा पुढे आपणहून फोन करून म्हणाला की मला बोलायचंय, तर त्याने एकट्याने यावं. सोबत तुम्ही खाली रिक्षात बसून राहायचं, असं नको.