मिश्रीची डबी आणि आपला प्रश्न

कोल्हापूर

प्रिय डॉक्टर,

शाहूपुरीत दवाखाना सुरू करते आहेस हे वाचून आनंद झाला. सोनोग्राफीचे यंत्र कोणते घ्यावे हे तुला कोणीही सांगेल. गर्भपात होऊन आलेल्या बाईला सवयींबद्दल कसे विचारावे, एवढेच मी लिहिते.

पहिल्या तीन महिन्यांतील गर्भपातांपैकी सुमारे निम्म्यांत गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो आणि तो बहुधा योगायोगाने घडलेला असतो. तिने खाल्लेल्या पपईच्या फोडीशी किंवा मोपेडवरून केलेल्या प्रवासाशी त्याचा संबंध नसतो. चौकशीला हात घालण्यापूर्वी हे तिला आणि तिच्या सासूबाईंनाही सांग. मी सुरुवातीला उलटे करत असे. घरच्यांसमोर विचारलेला माझा एक प्रश्न सासूने निकाल म्हणून घरी नेला आणि ती मुलगी पुन्हा माझ्याकडे आली नाही. आता मी वजन-रक्तदाबाच्या निमित्ताने बाईला पडद्याआड घेते आणि तिथेच विचारते.

"तंबाखू खाता का?" असे विचारलेस तर आपल्याकडची बाई प्रामाणिकपणे "नाही" म्हणेल, कारण तंबाखू भाजून केलेली मिश्री तिच्या लेखी दात घासायची पूड असते. तिच्या तर्जनीचे काळपट टोक पाहा आणि "दिवसातून किती वेळा लावता?" असे विचार, उठल्यावर, जेवणानंतर, दुपारी शेजारणीशी बोलताना, असा हिशोब हळूहळू निघतो. हिरड्यांतून निकोटिन रक्तात उतरते, रक्तवाहिन्या आवळते आणि बाळ पोटातच दगावण्याचा धोका वाढतो. ही सवय एका दमात सुटत नाही, म्हणून रागावू नकोस, आठ दिवसांनी पुन्हा बोलाव. नवऱ्यालाही आत घे. त्याच्या विडीचा धूर तिच्याही छातीत जातो. दारूविषयी दोघांनाही विचार, संकोच करू नकोस.

दोन कप चहा मात्र तिच्याकडून काढून घेऊ नकोस. वाढलेले वजन, मधुमेह आणि थायरॉइड पुढच्या गर्भधारणेआधीच आटोक्यात आणायचे असतात. फोलिक अॅसिड रोज 400 मायक्रोग्रॅम आधीपासून सुरू कर, परंतु ते बाळातील मेंदू व मणक्याची व्यंगे टाळण्यासाठी आहे, गर्भपात टळेल असे वचन त्यावर देऊ नकोस.

दोन-तीनदा गर्भ गेला असेल तर सवयींपाशी थांबू नकोस. अँटीफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांची, म्हणजे रक्तात गुठळ्या करून गर्भाला धोका आणणाऱ्या प्रतिपिंडांची, तपासणी कर आणि गर्भाशयाची रचना पाहा.

उद्घाटनाला येतेच.

तुझी,
मॅडम