घर घ्यायच्या आधी त्याच भागात एक मे महिना आणि एक जुलै महिना काढा

तुम्ही दिलेली माहिती आधी थोडक्यात मांडते, म्हणजे माझं उत्तर कशाला आहे ते स्पष्ट राहील. पुण्यात कर्वेनगरमध्ये २६ हजार भाड्याने टू बीएचकेत राहता. सोसायटी रिडेव्हलपमेंटला जाते आहे, दोन महिन्यांत घर सोडायचं आहे. भाड्याचं दुसरं घर बघायला जावं तर तिथे आधीच तिघं-चौघं उभे असतात आणि संध्याकाळपर्यंत घर गेलेलं असतं. दुसरीकडे म्हाळुंग्यात बांधकाम चालू असलेला ८५ लाखांचा फ्लॅट बघितला आहे, ताबा दोन वर्षांनी. हाताशी २२ लाख आहेत. रविवारपर्यंत टोकन द्या, सोमवारपासून भाव वाढतोय, असं सेल्सवाला म्हणतो. मिस्टर हिंजवडीत, तुम्ही कोथरूडच्या शाळेत, मुलगी चार वर्षांची. तर घ्यावं की भाड्यानेच राहावं?

माझं मत: यंदा घेऊ नका. भाड्याने राहा, पण म्हाळुंग्यात राहा. जमलं तर त्याच रस्त्यावर. तिथे एक मे महिना आणि एक जुलै महिना काढा, मग ठरवा.

आधी पैशांचं बघू, कारण २२ लाखांत हा व्यवहार बसतच नाही आणि हे तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. ८५ लाखांच्या घरावर बँक ८० टक्क्यांपर्यंत कर्ज देईल, म्हणजे ६८ लाख. तुमचे १७ लाख. त्यावर पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ५ लाख ९५ हजार. नोंदणी फी ३० हजार. बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे सव्वाचार लाख. बेरीज साडेसत्तावीस लाखांवर जाते, आणि मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फीसाठी बँक साधारणपणे कर्ज देत नाही. घर एकट्या तुमच्या नावावर घेतलंत तर बाईमाणसाला मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, पण दोघांच्या नावावर घेतलंत की ती जाते. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) मिळालेलं तयार घर घेतलंत तर जीएसटी लागत नाही. तरीही सव्वातेवीस लाख लागतातच. कपाटं, पडदे, गॅसची जोडणी अजून धरलेली नाही. म्हणजे तुम्ही बघितलेल्या फ्लॅटसाठी साडेपाच लाख कुठूनतरी उभे करायचे, बहुतेक वेळा वैयक्तिक कर्ज किंवा आईचे दागिने. एवढं ताणून घर घेतलं की पहिल्या आजारपणात घर डोक्यावर बसतं. माझ्या सख्ख्या मावसभावाच्या घरी हे झालं आहे, म्हणून कळकळीने सांगते.

आता हप्ता. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी ६८ लाखांचा हप्ता साधारण ५९ हजार येतो. सगळे जण ५९ आणि २६ ची तुलना करतात, आणि मग म्हणतात, 'पण ५९ हजारांत घर आपलं होतंय, २६ हजार पाण्यात चाललेत.' ही तुलना चुकीची आहे. पहिल्या वर्षी त्या ५९ हजारांतले जवळजवळ ४८ हजार निव्वळ व्याज असतं, मुद्दल फिटते ती महिन्याला ११ हजारांच्या आसपास. म्हणजे भाडं पाण्यात जातं म्हणायचं असेल तर व्याजही पाण्यातच जातं. तुलना ४८ हजार व्याज अधिक मेंटेनन्स अधिक मिळकतकर, आणि २६ हजार भाडं, यांची करा. शिवाय दोन वर्षं ताबा नाही. भाडं चालू, आणि बिल्डरला जसजसे पैसे दिले जातील तसतसं व्याजही चालू. नवीन करप्रणालीत असाल तर स्वतः राहता त्या घराच्या व्याजावर वजावटही मिळत नाही. जुन्या प्रणालीत ती वर्षाला २ लाखांपर्यंत आहे.

भाडं वाढत राहणार, हे खरं. दरवर्षी ७ टक्के धरलं तर आजचे २६ हजार नऊ वर्षांनी ४८ हजार होतात. म्हणून एका जागी दहा-बारा वर्षं राहायची खात्री असेल तर घर घेणं शहाणपणाचं आहे, आणि तीन-चार वर्षांत बदली, परदेश किंवा नवी नोकरी दिसत असेल तर नाही. पण ती खात्री त्या भागात न राहता यायची कशी?

आमच्या घरातलंच सांगते. माझी आजी १९६१ साली नारायण पेठेत भाड्याच्या दोन खोल्यांत राहायची. १२ जुलैला पानशेतचं धरण फुटलं आणि संसार वाहून गेला. त्यानंतर आयुष्यभर कुणीही 'घर बघितलंय' म्हटलं की बाकीचे विचारायचे किती स्क्वेअर फूट, काय भाव. आजी एकच विचारायची, 'नदी किती लांब?'

२०२२ मध्ये आम्हाला सिंहगड रस्त्याच्या आतल्या बाजूला एक रिसेलचा फ्लॅट मनापासून आवडला होता. रस्ता जवळ, भाजी खाली, शाळा पायी. व्यवहार ठरत आला होता. आजीने तिचा प्रश्न विचारला आणि आम्हाला उत्तर देता आलं नाही, कारण आम्ही नदीकडे कधी चालत गेलोच नव्हतो. शेवटी त्याच गल्लीत तिसऱ्या मजल्यावर भाड्याने घर घेतलं. एक पावसाळा गेला, काही झालं नाही. दुसराही गेला. नातेवाईक म्हणू लागले, उगाच थांबलात, भाव वाढले. मग २५ जुलै २०२४ उजाडला. खडकवासला धरणातून पाणी सोडलं आणि एकतानगरी आणि आजूबाजूच्या सोसायट्यांत पहाटे पाणी शिरलं. लोकांना बोटीतून काढावं लागलं. आमच्या तळमजल्यावरच्या काकूंच्या घरात छातीएवढं पाणी होतं. फ्रिज, गाद्या, मुलीची सर्टिफिकिटं, सगळं चिखलात. पुढे कित्येक दिवस आम्ही शेजारीपाजारी बादल्या घेऊन तो चिखल काढत होतो. काकूंच्या कर्जाची बारा वर्षं बाकी होती. एक महिन्याची नोटीस देऊन आम्ही ऑक्टोबरमध्ये निघालो. काकू निघू शकल्या नाहीत. सामान टेम्पोत चढवताना त्या दारात उभ्या होत्या, ते मला आजही आठवतं.

मी दोन वर्षं भाडं भरलं ते याच्यासाठी होतं. ते पाण्यात गेलं असं मला कुणी म्हणू नये.

नदीकाठच्या कुठल्याही जागेसाठी जलसंपदा विभागाची पूररेषा बघा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. म्हाळुंगेही मुळेच्या काठावर आहे. तुमची इमारत नदीपासून बरीच आत असू शकते, पण कागदावर बघून खात्री करा. आणि फक्त नदी बघून भागत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याने सहकारनगर, अरण्येश्वरकडे जे केलं ते पुणेकर विसरलेले नाहीत. जवळून ओढा जातो का, तो कुठे वळवला किंवा पाइपात घातला आहे का, हे जुन्या गावकऱ्यांना विचारा. चहाच्या टपरीवर कळतं.

जुलै झाला, आता मे. म्हाळुंगे, सूस वगैरे २३ गावं २०२१ मध्ये महापालिकेत आली, पण गाव हद्दीत आलं म्हणजे नळाला पाणी आलं असं होत नाही. महापालिकेचं पाणी पोहोचेपर्यंत पाण्याची सोय स्वतः करू, असं हमीपत्र बिल्डर परवानगी घेताना देतात. सोसायटी स्थापन होऊन कारभार सभासदांकडे आला की टँकरचं बिल बहुतेक ठिकाणी मेंटेनन्समधून जायला लागतं. ब्रोशरमध्ये लिहिलेला मेंटेनन्स आणि मे महिन्यात प्रत्यक्ष भरावा लागणारा मेंटेनन्स यांत किती फरक आहे, हे फक्त तिथे राहणारा माणूस सांगू शकतो. शेजारच्या तयार सोसायटीच्या वॉचमनला विचारा, 'दिवसाला टँकर किती येतात?'

तिसरी गोष्ट तुमचा कोथरूडचा रस्ता. चांदणी चौकाचा नवा पूल ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून बरं आहे, पण शाळेच्या वेळेला म्हाळुंग्याहून कोथरूड गाठणं म्हणजे काय, ते रविवारी दुपारी साइट बघायला जाऊन कळत नाही. पावसाळ्यात महिनाभर जाऊन-येऊन बघा. मिस्टरांना सोयीचं आणि तुम्हाला रोज दीड तास रस्त्यात, असं घर वीस वर्षांच्या कर्जावर घ्यायचं का, हा निर्णय तुमचाही आहे.

भाड्याच्या घराची झुंबड तुम्हाला दिसतेय तिचं मोठं कारण तुमच्याच सोसायटीत आहे. कोथरूड, कर्वेनगर भागात एकेक इमारत पाडायला जाते आणि तिथली सगळी कुटुंबं मुलांच्या शाळेमुळे एका किलोमीटरच्या आतच घर शोधतात. त्यांतल्या घरमालकांचं भाडं बिल्डर देतो, त्यामुळे ते घासाघीस करत नाहीत. तुम्ही स्वतःच्या खिशातून भाडं भरून त्यांच्याशी स्पर्धा करताय. तिथून बाहेर पडलात की गर्दी ओसरलेली दिसेल. म्हाळुंगे, बाणेरकडे गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवलेले फ्लॅट भरपूर आहेत आणि मालकांना शांत, टिकणारं कुटुंब हवं असतं.

करार मात्र अकरा महिन्यांचा करू नका. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीचा भाडेकरार, साठ महिन्यांपर्यंत करता येतो. तुम्ही ३३ महिन्यांचा मागा, दरवर्षी ५ टक्के वाढ आधीच लिहून घ्या, आणि लॉक-इन, म्हणजे घर सोडता येत नाही तो काळ, फक्त सुरुवातीच्या सहा महिन्यांचा ठेवा. कराराची नोंदणी कायद्याने बंधनकारक आहे आणि १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात ती जबाबदारी मालकावर टाकली आहे. 'कशाला नोंदणी, नोटरी करू' म्हणणारा मालक सोडून द्या. एक गोष्ट लक्षात ठेवा, या करारात मुदत संपल्यावर थांबायचा हक्क तुम्हाला नाही. थांबलात तर दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. म्हणून मुदत लांब हवी.

आम्ही सिंहगड रस्ता सोडून वारज्यात गेलो तेही भाड्यानेच. चौदा महिने राहिल्यावर त्याच सोसायटीतला फ्लॅट घेतला. जुनी इमारत आहे, लिफ्ट लहान आहे, पण कन्व्हेयन्स झालेलं आहे, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आहे, पाणी दोन वेळ येतं, सोसायटीचे हिशेब मी सभेत बसून ऐकले होते. फ्लॅट विकायचा आहे हे एजंटाच्या आधी वॉचमनने सांगितलं, दलाली वाचली. कोणत्या मजल्यावर डास, कोणत्या बाजूला दुपारचं ऊन, कोण मेंटेनन्स थकवतं, सगळं माहीत होतं. घरी आई-सासूबाईंचं 'किती दिवस भाड्याच्या घरात' चालूच होतं, आणि ते लागायचंही. पण सही करताना हात थरथरला नाही.

आता रविवारचं. भाव वाढतोय म्हणणाऱ्याला सांगा, महारेराचा (बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक द्या. त्यावरून महारेराच्या साइटवर प्रकल्पाची मूळ पूर्णत्वाची तारीख, ती किती वेळा पुढे ढकलली, आणि कोर्टात काय चालू आहे ते बघा. विक्री करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, हे पाठ असू द्या. टोकनचा चेक मात्र देऊ नका. शनिवारी सकाळी म्हाळुंग्यात भाड्याची तीन घरं बघून या, मुलीलाही न्या, आणि येताना नदीपर्यंत चालत जा.