वाचकांचे प्रश्न : एचआयव्हीच्या संशोधनात पशुवैद्यक कशाला?

प्रश्न : मी परभणीला बीव्हीएस्सीच्या चौथ्या वर्षाला आहे. एचआयव्ही माणसाचा आजार, मग त्यावरच्या संशोधनात पशुवैद्यकीय पॅथॉलॉजिस्ट (प्राण्यांच्या ऊतींवरून आजार ओळखणारे तज्ज्ञ) काय करतात? तिथवर जायचं कसं?

उत्तर : एचआयव्ही साध्या उंदरांत वाढत नाही. त्याचा भाऊबंद, माकडांमधला विषाणू एसआयव्ही, मात्र ऱ्हीसस माकडांत एड्ससारखाच आजार घडवतो. ही आपलीच लाल तोंडाची माकडं. भारतानं १९७८ मध्ये निर्यात थांबवली, तरी अमेरिकेतल्या केंद्रांत भारतीय वंशाच्या माकडांनाच मागणी, कारण चिनी वंशाच्या माकडांत आजार सहसा सावकाश वाढतो.

रोनाल्ड व्हीझी आणि अँड्र्यू लॅकनर हे दोघेही पशुवैद्यकीय पॅथॉलॉजिस्ट. त्यांच्या गटानं १९९८ मध्ये दाखवलं, की लागणीनंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांतच आतड्यातल्या सीडी४ पेशींचा (एचआयव्ही ज्यांना मारतो त्या प्रतिकारपेशींचा) फडशा पडतो. रक्तात तेव्हा तेवढी घट दिसत नाही. आतड्याच्या अस्तरातल्या बहुतेक सीडी४ पेशी आधीच सक्रिय असतात आणि विषाणूला आत शिरायला लागणारा सीसीआर५ हा रेणू त्यांच्यावर असतो.

खरी परीक्षा नमुना घेताना. माकडाच्या शवविच्छेदनात आतडं आधी उचला, ते सर्वांत लवकर कुजतं. अस्तर बोटानं पुसू नका. स्लाइडसाठीचा तुकडा कागदावर सपाट पसरून त्याच्या दहापट आकारमानाच्या, १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रावात) टाका. तिथं फार दिवस राहिला तर प्रतिजनं (ज्या प्रथिनांवरून पेशी ओळखतात ती) झाकली जातात, रंग नीट चढत नाही.

पेशी मोजायच्या तुकड्याला फॉर्मॅलिन लावायचंच नाही. थंड माध्यमात आणा, ईडीटीए या रसायनानं वरचा थर सोडवा, मग कोलॅजिनेज या विकरानं खालच्या थरातल्या पेशी मोकळ्या करा. ईडीटीए अपुरं पडलं तर वरच्या थरातल्या पेशी मिसळतात. त्या बहुतांश सीडी८ या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिकारपेशी, म्हणून सीडी४ खोटंच कमी दिसतं. पायरचा ठिपका (आतड्याच्या भिंतीतला प्रतिकारपेशींचा पुंजका) तुकड्यात आला तर उलटं होतं : तिथल्या विश्रांत सीडी४ पेशी खरी घट झाकतात. चुकलेल्या आकड्यांत हा ठिपका पुष्कळदा सापडतो.

आता वाट. पदवीनंतर एमव्हीएस्सी पॅथॉलॉजीतच करा. अमेरिकेत जायचं तर साधारण तीन वर्षांची रेसिडेन्सी, मग एसीव्हीपीची (पशुवैद्यकीय पॅथॉलॉजिस्टांच्या अमेरिकी संस्थेची) परीक्षा. संशोधनासाठी सहसा पीएचडी लागते. आतापासून शवविच्छेदनाची एकही संधी सोडू नका. निरोगी आतड्याच्या स्लाइडही भरपूर पाहा, मुलं नेमकं तेच टाळतात.

प्रश्न : औषधांनी रक्तातलं सीडी४ वाढलं की आतडंही भरून येतं का?

उत्तर : बहुधा पूर्ण नाही. आतड्यातली भरपाई मागे राहते. उपचार जितके लवकर सुरू होतील, तितकी ती बरी.