गरोदरपणात कंबर-जांघेचं दुखणं आणि कायरोप्रॅक्टरचा उपचार : वाचकांचे प्रश्न

(या वेळची उत्तरं स्त्रीरोगतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट यांनी मिळून दिली आहेत. कायरोप्रॅक्टर म्हणजे हातानं दाब किंवा झटका देऊन मणक्यावर आणि सांध्यांवर उपचार करणारा.)

प्रश्न : दुसरी खेप आहे, सहावा महिना चालू आहे. ओटीपोटाच्या खाली, समोरच्या हाडात कळ येते, उजवा कुल्लाही दुखतो. रात्री कूस बदलताना आणि रिक्षातून उतरताना जीव जातो. नणंद म्हणते, कमरेचं हाड सरकलंय, कायरोप्रॅक्टर एका बैठकीत बसवून देईल. जावं का? – एक वाचक, नाशिक

हाड सरकलेलं नाही. हे आधी मनातून काढून टाका, कारण या भीतीनंच बायका हालचाल थांबवतात आणि दुखणं वाढतं.

कमरेच्या हाडांचं जे कडं आहे त्यात तीन सांधे असतात. मागे माकडहाडाच्या वरच्या बाजूला डावा-उजवा असे दोन, आणि समोर जांघांच्या मधोमध एक. समोरच्या सांध्यात एरवी चार-पाच मिलिमीटर फट असते, गरोदरपणात ती आणखी दोन-तीन मिलिमीटर वाढते. हे होणं गरजेचंच आहे. रिलॅक्सिन आणि इतर संप्रेरकांमुळे सांध्यांचे बंध सैल होतात, पण ज्यांच्या रक्तात रिलॅक्सिन जास्त त्यांनाच जास्त दुखतं, असं काही दिसत नाही. दोन्ही बाजूंच्या सांध्यांवर भार सारखा पडत नाही आणि कुल्ल्याचे, पोटाचे स्नायू सैल सांध्याला पुरेसं धरून ठेवू शकत नाहीत, तेव्हा दुखतं. म्हणूनच एका पायावर भार येणारी हालचाल सर्वांत जास्त खुपते : जिना चढणं, उभ्यानं सलवार घालणं, रिक्षातून एक पाय बाहेर टाकणं. साधारण पाच गरोदर स्त्रियांमध्ये एकीला हा त्रास होतो. मागच्या खेपेला झाला असेल तर पुन्हा होण्याची शक्यता जास्त.

घरी एक चाचणी करून पाहा. उताणं झोपून (मिनिटभरच) पाय सरळ ठेवा आणि एक टाच २० सेंटिमीटर, म्हणजे वीतभर, उचला. पाय जड वाटतो का ते बघा. मग घरातल्या कुणाला तरी दोन्ही खुब्यांवर बाहेरून तळहात ठेवून आतल्या बाजूला दाबायला सांगा आणि तोच पाय पुन्हा उचला. आता तो हलका वाटला, तर कमरेचा पट्टा आणि स्नायूंचे व्यायाम तुम्हाला उपयोगी पडण्याची चांगली शक्यता आहे.

आता कायरोप्रॅक्टरबद्दल. गरोदर बाईला तो कुशीवर झोपवतो, किंवा पोटासाठी खळगा असलेल्या टेबलावर पालथं झोपवतो. काहींच्या टेबलाचा एक भाग दाब दिल्यावर थोडा खाली पडतो, त्यामुळे झटका कमी जोराचा लागतो. काही जण खुब्याखाली पाचरीच्या आकाराच्या उशा ठेवून नुसतं वजनानं सांधा सैलावू देतात. गरोदरपणात हे शेवटचे दोन प्रकार आम्हाला जास्त पसंत आहेत. ‘कट्’ असा आवाज येतो तो सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार झाल्याचा. हाड जागेवर बसल्याची ती खूण नाही, आणि आवाज आला नाही म्हणून उपचार फसला असंही नाही.

यानं बरं वाटतं का? अनेकींना वाटतं. आखडलेले स्नायू काही तास, काही दिवस सैल राहतात. यावरचे अभ्यास मात्र लहान आहेत, आणि ‘पेल्विस (कमरेच्या हाडांचं कडं) समतोल झाला’ हे खात्रीनं मोजता येईल असं माप कुणाकडेच नाही. त्यामुळे पायाच्या लांबीतला फरक दाखवून वीस बैठकींचं पॅकेज कुणी गळ्यात मारत असेल, तर उठून या. तीन-चार बैठकींत कूस बदलणं सोपं झालं नाही, तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

आमचा सल्ला : आधी गरोदर स्त्रियांवर उपचार करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे जा. आपल्याकडे कायरोप्रॅक्टरसाठी वेगळी वैधानिक परिषद नाही, त्यामुळे दोन दिवसांचा कोर्स केलेला आणि चार-पाच वर्षं शिकलेला, दोघंही तीच पाटी लावू शकतात. कुठे शिकलात, किती वर्षं, गरोदर बायकांवर उपचार करता का, हे थेट विचारा. वार (प्लॅसेंटा) खाली असेल, रक्तस्राव झाला असेल, पाणी गेलं असेल, मुदतीआधी कळा आल्या असतील किंवा रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर असेल, तर झटक्याचा कुठलाही उपचार नको. मान तर कुणालाच मोडू देऊ नका. तिथल्या रक्तवाहिनीला इजा झाली तर पक्षाघातापर्यंत जाऊ शकतं. ‘आधी एक्स-रे काढू’ म्हणाले तरी नकार द्या. या दुखण्याचं निदान हातानं तपासून होतं.

प्रश्न : मी शाळेत शिकवते, दिवसभर उभी असते. पट्टा घेतला, पण त्यानं पोटावर दाब येतो आणि दुखणं तसंच आहे. – एक वाचक, कोल्हापूर

पट्टा बहुधा वर बांधला जातोय. पोट उचलून धरणारा रुंद पट्टा वेगळा आणि सांध्यांसाठीचा अरुंद पट्टा वेगळा. दुसरा पोटाच्या खालून, दोन्ही खुब्यांची बाहेरची हाडं हाताला लागतात त्या पातळीवर येतो. आत दोन बोटं जेमतेम जातील इतका घट्ट. उभं राहायच्या, चालायच्या वेळी दोन-तीन तास घाला, बसल्यावर आणि झोपताना काढा. दिवसभर घातला तर कातडी घासते आणि स्नायू आयतेपणाला सोकावतात.

पट्ट्यापेक्षा जास्त फरक सवयींनी पडतो. कूस बदलताना दोन्ही गुडघे एकमेकांना चिकटवा, कुल्ले आवळा आणि खांदे-कंबर-गुडघे एकदम वळवा. झोपताना उशी गुडघ्यांत आणि घोट्यांतही हवी. नुसती गुडघ्यांत ठेवली तर पाऊल खाली लोंबतं आणि खुबा पिळवटतो. २८ आठवड्यांनंतर झोपी जाताना कुशीवरच झोपा. रिक्षात आधी बसायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे, उतरताना उलट. कपडे बसून घाला. जिना एकेक पायरी चढा, चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा आधी. मोठ्या मुलाला कडेवर घेणं बंद, तुम्ही बसा आणि त्याला मांडीवर येऊ द्या. मांडी घालून आणि उकिडवं बसल्यानं दुखत असेल तर विळी, पाट, भारतीय संडास हे सगळं या काही महिन्यांपुरतं टाळा. वर्गात तास संपला की पाच मिनिटं खुर्चीत बसा आणि उभं असताना एका पायावर झुकू नका.

व्यायाम दोनच, पण रोज. खुर्चीत बसून गुडघ्यांत उशी धरा आणि पाच सेकंद हलकेच दाबा, दहा वेळा. समोरच्या हाडात कळ आली तर जोर निम्मा करा. दुसरा : लघवी रोखताना आवळतो तशी ओटीपोटाखालची जागा आवळून पाच सेकंद धरा, श्वास चालू ठेवा, मग पूर्ण सोडा, हेही दहा वेळा. सोडणंही आवळण्याइतकंच नीट करायचं.

शेक कमरेला घ्या, पोटाला नको. पिशवीवर टॉवेल गुंडाळून पंधरा मिनिटं पुरे. गोळी लागलीच तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक मनानं घ्यायचं नाही, डायक्लोफेनॅकचा मलमही नाही. विशेषतः २० आठवड्यांनंतर बाळाच्या मूत्रपिंडाला त्याचा धोका असतो.

प्रश्न : ३३वा आठवडा, बाळ पायाळू आहे. इथली कायरोप्रॅक्टर म्हणते, वेब्स्टर पद्धतीनं बाळ फिरेल. – एक वाचक, लंडन

ही पद्धत लॅरी वेब्स्टर या अमेरिकी कायरोप्रॅक्टरच्या नावानं ओळखली जाते. तीत मागचा सांधा तपासून हलका दाब देतात आणि पोटाखालच्या बंधांवर हळुवार हात फिरवतात. कमरेला आराम पडावा म्हणून घ्यायला हरकत नाही. बाळ त्यानं फिरतं, हे सिद्ध झालेलं नाही. ३३व्या आठवड्यात पायाळू असलेली बरीच बाळं आपणहून फिरतात आणि दिवस भरतात तेव्हा शंभरात तीन-चारच तशी उरतात, त्यामुळे श्रेय कुणाला द्यायचं ते कळत नाही.

महत्त्वाचं हे की वाट बघण्यात वेळ घालवू नका. ३६व्या आठवड्याला बाळ तसंच असेल, तर रुग्णालयात पोटावरून हातानं बाळ फिरवण्याबद्दल विचारा. पहिली खेप असेल तर ३६ पासून, नाहीतर ३७ पासून हे करतात आणि साधारण निम्म्या वेळा जमतं. बाळाचे ठोके तपासत आणि गरज पडल्यास लगेच शस्त्रक्रिया करता येईल अशाच ठिकाणी ते करायचं असतं. तुमच्याकडे कायरोप्रॅक्टरची नोंदणी जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिलकडे कायद्यानं बंधनकारक आहे, नाव तिथल्या यादीत बघून घ्या.

प्रश्न : मानेला पट्टा अडकवून पाठ ओढतात, ते व्हिडिओ पाहिले. आठव्या महिन्यात चालेल? – एक वाचक, ठाणे

नाही. गरोदरपणात नाहीच.

प्रश्न : इतकं दुखत असेल तर नॉर्मल बाळंतपण होईल का? – एक वाचक, सातारा

बहुतेकींचं होतं, नुसत्या या दुखण्यासाठी सिझेरियन लागत नाही. पण तयारी करा. पलंगावर टेकून बसून दुखायला लागेपर्यंत गुडघे फाकवा, मधलं अंतर टेपनं मोजा आणि फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. कळांच्या वेळी पाय त्याहून जास्त फाकवू नयेत, हे डॉक्टर आणि नर्सला आधीच सांगा. कुशीवर किंवा हात-गुडघ्यांवर राहून बाळंत होता येतं का, विचारा. पाठीत सुन्न करणारं इंजेक्शन घेतलं तर दुखणं कळत नाही, म्हणून तेव्हा हे माप जास्तच सांभाळायला हवं. पाय आधारावर ठेवायचेच झाले तर दोन्ही एकदम उचलावेत.

आणि काही दुखणी कमरेची नसतातच. थांबून थांबून, ठरावीक वेळानं येणारं दुखणं, रक्त किंवा पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी होणं, तापासोबत पाठदुखी, लघवीला जळजळ, एकाच पोटरीला सूज, मांड्यांच्या मधली जागा बधिर होणं किंवा लघवी-संडासवर ताबा न राहणं : यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी रुग्णालयात जा, मालिश-शेक करत बसू नका.

बाळंतपणानंतर मालिशवाली आली तर तेल लावू द्या, पण कमरेवर पाय देणं, पाय उलटसुलट करून झटके देणं तिला करू देऊ नका. दुखणं बहुधा काही आठवड्यांत, काहींचं काही महिन्यांत ओसरतं. बाळंतपणानंतर पायावर भारच देता येत नसेल, तर एक्स-रे काढून समोरची फट मोजायला हवी. ती दहा मिलिमीटरच्या वर गेली असेल तर पट्टा, वॉकर आणि अस्थिरोगतज्ज्ञांचा सल्ला, तिन्ही लागतं.